बंबाला टायमर नव्हता

जुन्या गिझरला टायमरचा स्मार्ट प्लग जोडायची टूम अहिल्यानगरातही आली. पहाटे ५ ला चालू, साडेपाचला बंद; मोबाइलमध्ये सगळं ठरलेलं. फक्त त्या अर्ध्या तासात वीज असावी, एवढंच मोबाइलच्या हातात नाही.

तांब्याच्या बंबाला ही अडचण नव्हती. खाली चिपाडं, एखादी गोवरी; वरून गार पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी हजर. टायमर म्हणजे आजी, आणि तिची सूचना चार घरं ओलांडून जायची : “आधी वरून पाणी ओत मेल्या, बंब जळेल!”

तरीही प्लगची हौस असेल, तर २,००० वॉटच्या गिझरला १६ अँपिअरचाच लावा. ६ अँपिअरच्या प्लगवर पाण्याआधी भिंत तापते.