सारखी पडते, काढून टाका

कायदा दिल्लीत होतो, त्यावरचं भाष्य आमच्या रायगडातल्या आपट्यात होतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ साली वीजसुरक्षेचे नवे विनियम काढले आणि २०१०चे घरी बसवले. त्या २०१०वाल्यांनी आधी १९५६च्या नियमांना घरी बसवलं होतं. राजपत्रात हे सगळं हिंदी आणि इंग्रजीत रीतसर छापून आलं. पाताळगंगेच्या काठी पोचेपर्यंत मात्र त्याची श्रुती झाली. पनवेलच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ती गल्ल्यावरून सांगितली गेली, वायरमनने ती ऐकली, टपरीवर चहा पिता पिता तिच्यात दोन ओव्या घातल्या आणि आमच्या ओटीवर येऊन जाहीर केलं, "काका, आता सगळं बदलायला लागणार. वरून ऑर्डर आहे."

वरून म्हणजे कुठून, हे विचारायचं नसतं. फार चौकशी केली तर तो छताकडे बघतो आणि म्हणतो, "पंख्याचा पॉइंटपण गेलाय तुमचा."

या नियमांत एक कलम १९५६पासून टिकून आहे. वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानेच घ्यावं, जाणत्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावं आणि हात लावणाऱ्याकडेही परवाना असावा. सवलत एवढीच की बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच असल्या वस्तू नुसत्या बदलायच्या असतील तर हा लवाजमा नको. मात्र त्यापायी जोडणीची क्षमता बदलता कामा नये. आपट्याचा अख्खा धंदा या सवलतीवर उभा आहे. एसी म्हणजे काय, तर थंड वाऱ्याचा पंखा. गिझर म्हणजे पाण्यात बुडवलेला बल्ब. चार ट्यूबलाइट आणि एका मिक्सरच्या हिशोबाने आजोबांनी ओढून घेतलेल्या वायरीवर आज दीड टनाचा एसी घरघरतो, आणि तरी सर्वांच्या मते घरात फक्त 'एक वस्तू बदलली' आहे.

भाष्य म्हटलं की संप्रदाय आलेच. आपट्यात ते तीन आहेत.

पहिला अद्वैतवाद्यांचा. यांचं दर्शन घ्यायचं असेल तर थ्री-पिनच्या बोर्डाची पट्टी उघडावी. आत न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत वायरचा दीड इंची तुकडा ऐटीत बसलेला असतो. "अरे, अर्थिंग कुठंय?" असं विचारलं की उत्तर तयार: "हे काय! न्यूट्रल आणि अर्थ शेवटी डीपीवर एकच होतात ना? मग इथेच करून टाकले." युक्तिवादात खोट काढता येत नाही. ट्रान्स्फॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतोच. जो मोक्ष तिथे मिळायचा, तो या महात्म्याने बोर्डातच देऊन टाकला, इतकंच. पुढे एखाद्या पावसाळ्यात न्यूट्रलचा जॉइंट सुटतो, आणि त्या दीड इंची तुकड्यातून २३० व्होल्ट फ्रिजच्या पत्र्यावर येऊन थांबतात. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'च्या शेवटी सिमरन गाडीमागे धावली आणि राजने तिचा हात धरला, ते आमच्याच स्टेशनावर. आपट्यातलं फ्रिजचं हँडलही तसंच. एकदा हात धरला की सोडत नाही.

दुसरा संप्रदाय समाधीवाल्यांचा. अंगणात मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा केला होता, यावर त्यांचा दृढ विश्वास आहे. मग पेव्हर ब्लॉक बसले आणि खड्डा त्यांच्याखाली गेला. उन्हाळ्यात त्याला पाणी पाजायचं असतं, पण त्यावर आता मुलाची गाडी उभी असते आणि पाणी गाडीलाच मिळतं. अर्थिंगची वायर भिंतीवरून उतरून फरशीपाशी अंतर्धान पावते. पुढे ती कशाला जोडली आहे, असं विचारणं म्हणजे श्रद्धेला हात घालणं.

तिसरा निराकारवाद्यांचा. वीजजोडणी मागताना ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो. ठेकेदाराला घरमालकाने पाहिलेलं नसतं, ठेकेदाराने घर पाहिलेलं नसतं आणि इन्सुलेशन मोजणारं मेगर नावाचं यंत्र दोघांनीही पाहिलेलं नसतं. तरीही वायरींचं इन्सुलेशन उत्तम असल्याचा निर्वाळा कागदावर उमटतो. याला दिव्यदृष्टी म्हणतात. तिचा दर ठरलेला असतो आणि तो कागदाबरोबरच आकारतात.

तिन्ही संप्रदाय सुखाने नांदत होते. त्यांच्यात बिब्बा घातला तो आरसीसीबी नावाच्या इवल्या डबीने. जुन्या नियमांत ५ किलोवॅटपासूनच्या जोडणीला ती सक्तीची होती, आता २ किलोवॅटपासूनच आहे. तिचं काम सरळ आहे. फेजमधून जितका करंट घरात गेला तितका न्यूट्रलमधून परत आला का, ते ती मोजत बसते. घरगुती जोडणीत ३० मिलिअँपिअरची तूट दिसली, म्हणजे साठ वॅटच्या जुन्या बल्बला लागतो त्याच्या नवव्या हिश्शाएवढा करंट कुठेतरी भलतीकडे गेला, की क्षणात लाइट घालवते. कारण ती भलतीकडची वाट कदाचित माणसाच्या छातीतून जात असते. एमसीबीला यातलं काही कळत नाही. सहा अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी ०.०३ अँपिअर ही चिल्लर आहे. एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस.

आता अशी हिशोबी बाई अद्वैतवाद्यांच्या घरात नांदेल कशी? त्या तुकड्यामुळे परतीचा करंट गिझरच्या पाइपातून, ओल्या भिंतीतून वाट काढतो आणि हिशोब चुकतो. आली की पडली, उचलली की पडली. निसर्ग चक्रीवादळानंतर, जून २०२०मध्ये, रायगडात जिथे तिथे जे 'तात्पुरते' जॉइंट मारले गेले, ते अजून सेवेत आहेत. त्यांनीही हातभार लावला. घरात लीकेज आहे, ते ती ओरडून सांगत होती. आपण निदान केलं, "ही डबीच खराब आहे."

"सारखी पडते," घरमालक म्हणतो.

"डायरेक्ट करून देतो," वायरमन म्हणतो.

डबी फेकत नाहीत. नियमाचा मान म्हणून तिला जागेवरच ठेवतात आणि वायरी तिच्या मागून पुढे नेतात. दसऱ्याला ती झेंडूचं फूलही घेते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं. अधूनमधून दाबून ती पडते का ते बघायचं असतं. हल्ली ते दाबलं तर काहीच होत नाही. याला 'आता चांगली चालते' असं म्हणतात.

वायरमनलाच झोडपून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. आयटीआय झालेला एक पोरगा गावात आहे. तो एका घरमालकाला म्हणाला होता, "काका, एक दिवस द्या. एकेक सर्किट सुटं करून लीकेज शोधतो, अर्थिंगची वायर नवी ओढतो." काका म्हणाले, "दिवसभर लाइट घालवणार? गणपती तोंडावर आलेत!" त्याच काकांनी हॉलमध्ये पीओपीचं छत करून त्यात तीस दिवे रोवले, तेव्हा आठ दिवस घरात अंधार चालला होता. छत पाहुण्यांना दिसतं. अर्थिंग कोणाला दिसत नाही, आणि ते आहे की नाही हे कळण्याची एकच खात्रीची रीत आहे, ती पाहुण्यांवर करून बघता येत नाही. पोरगा आता मोबाइलची कव्हरं विकतो. "डायरेक्ट करून देतो" म्हणणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नाही.

तेव्हा प्राधिकरणाने उगाच पुन्हा दुरुस्तीचे कष्ट घेऊ नयेत. आपटा सुधारणा आम्हीच तयार करून ठेवली आहे:

एक. जे इतकी वर्षं चाललं ते सुरक्षित समजावं.

दोन. सुरक्षेचं उपकरण काम करू लागल्यास ते तात्काळ बंद करावं.

तीन. पाहणी न झालेल्या कामाचा अहवाल पाहणी झालेल्या कामाच्या अहवालाइतकाच ग्राह्य धरावा. दोन्हींतला फरक ओळखू येत नाही.

चार. जीवितहानी वा आग झाल्यास कारण 'शॉर्टसर्किट' लिहावं. शॉर्टसर्किटला पत्ता नसतो, परवाना नसतो आणि त्याने घरमालकाला विचारून काही केलेलं नसतं.