बनवाबनवीच्या भक्तांसाठी आचारसंहिता

‘अशी ही बनवाबनवी’ पाहिलेला माणूस वेगळा आणि त्या सिनेमाचा भक्त वेगळा. हा भेद आजवर कुणी लेखी नोंदवला नाही, त्यामुळे समाजाची फार गैरसोय झाली आहे. सिनेमा आला १९८८ साली. तेव्हापासून लग्नघरात, ऑफिसात, बँकेच्या रांगेत त्यातले संवाद वेळी-अवेळी, चुकीच्या सुरात आणि अपात्र व्यक्तींकडून म्हटले जात आहेत. त्याला आळा बसावा म्हणून ही आचारसंहिता. हिच्यात एकही संवाद छापलेला नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. ज्याला तो छापून द्यावा लागतो, त्याने आधी सिनेमा पाहून यावं.

पाहण्याचीही रीत आहे. खरा भक्त हा सिनेमा ठरवून, पहिल्या दृश्यापासून पाहत नाही. सुट्टीच्या दुपारी चॅनल बदलता बदलता तो जिथे सापडेल तिथून पाहायचा आणि रिमोट उशीखाली सरकवायचा. “किती वेळा तेच ते बघायचं?” असा प्रश्न स्वयंपाकघरातून येईलच. उत्तर देऊ नये. प्रश्न विचारणारी व्यक्ती थोड्याच वेळात हात पुसत दारात येऊन उभी राहते आणि घरमालक सरपोतदारांचा प्रवेश संपेपर्यंत हलत नाही. उभ्याने पाहिलेलं त्या घरात मोजत नाहीत, एवढंच.

आता मुख्य नियम. संवाद कधीही पूर्ण म्हणू नये. पूर्ण म्हणतो तो नकलाकार. भक्त अर्धा म्हणून थांबतो आणि उरलेला अर्धा समोरच्याच्या तोंडून येण्याची वाट पाहतो. सगळी गंमत त्या थांबण्यात आहे. उदाहरणार्थ, सत्तर हा आकडा. मधुमेह, इस्तंबूलचं औषध आणि त्यापायी बुडालेले पैसे हा सगळा इतिहास उगाळायची गरज नसते. हिशेबात सत्तर रुपये आले की फक्त आकडा म्हणायचा, शेवटी आवाज किंचित पाडायचा आणि शून्यात पाहायचं. समोरचा जाणकार असेल तर त्या रुपयांचं पुढे काय झालं ते तो योग्य त्या गांभीर्याने सांगेल. नसेल तर “हो, सत्तरच, सुट्टे आहेत का?” म्हणेल. अशा माणसाशी व्यवहार ठेवावा, मैत्रीची घाई करू नये.

हल्ली सत्तर रुपयांत होणारी कामं कमी होत चालली आहेत, ही या परंपरेपुढची मोठी अडचण. त्यावर उपाय वाण्याच्या काउंटरवरच्या त्या बोलक्या डबीने काढला आहे. सत्तर रुपये मिळाल्याची घोषणा ती इतक्या निर्विकारपणे करते की अशोक सराफांनीही दाद द्यावी. घोषणा झाल्यावर दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांनी क्षणभर स्तब्ध राहण्याचा प्रघात आहे. तो पाळावा.

भूमिकांचं वाटप हा चार मित्रांच्या टोळक्यातला जुना तंटा. प्रत्येकाला अशोक सराफांचा धनंजय माने व्हायचं असतं. पण धनंजय म्हणजे कुणाचंही लफडं अंगावर घेऊन, घाम पुसत, ऐन वेळी तिसरीच थाप मारणारा माणूस. टोळक्यात हे काम जो खरोखर करतो, त्याला आपण धनंजय आहोत हे ठाऊकही नसतं. तो गाडीत पेट्रोल भरायला गेलेला असतो. परशुराम व्हायला लक्ष्मीकांत बेर्डे यांची निर्लज्ज निरागसता लागते, तिचा क्लास कुठे निघालेला नाही. शंतनू व्हायला कुणी तयार नसतं, म्हणून तो चिठ्ठ्या टाकून ठरवावा. माझा सल्ला विचाराल तर सरपोतदार मागून घ्या. सुधीर जोशींना पडद्यावर वेळ थोडाच मिळाला, पण त्यातलं एकही वाक्य वाया गेलेलं नाही. शिवाय त्या भूमिकेसाठी पोट कमी करावं लागत नाही.

प्रत्येक मैफलीत एक विद्वान निघतो. हा सिनेमा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’वरून घेतला आहे, असं तो चष्मा सारखा करत सांगतो. ते खरं आहे, तेव्हा वाद घालू नये. चहा द्यावा. मग संवाद वसंत सबनीसांचे होते आणि हेच सबनीस ‘विच्छा माझी पुरी करा’चे लेखक, एवढं सहज कानावर घालावं. वग कसा रंगवायचा हे ज्याच्या हाडात मुरलंय त्याच्या ताब्यात दोन साडीवाले पुरुष दिले, तर मूळ गोष्ट कुठली होती हे प्रेक्षकाने कशाला लक्षात ठेवावं? त्यातून आपला प्रेक्षक बालगंधर्वांच्या नेसण्यावरून आपल्या साड्या ठरवणाऱ्यांचा वारसदार. त्याला परशुरामाच्या पार्वतीबाई होण्याचं काय नवल!

नवल पुढेच आहे. सिनेमातलं डोहाळजेवणाचं गाणं आज खऱ्या डोहाळजेवणांत वाजतं. झोपाळा फुलांनी मढवलेला, ओटी भरायला आलेल्या सुवासिनी, आणि स्पीकरवर जे गाणं चालू आहे त्यातली गर्भवती म्हणजे परशुराम. अशा वेळी भक्ताने चेहरा गंभीर ठेवावा. उत्सवमूर्तीला आठवण करून देऊ नये; तिला ते माहीत असतं आणि तीच सर्वांत जास्त हसू दाबत असते.

आता प्रात्यक्षिक. पुण्यात भाड्याने जागा शोधणाऱ्या होतकरू भक्तांना मित्राला साडी नेसवून जोडपं बनण्याची सिनेमातली युक्ती करून पाहण्याचा मोह होतो. परिस्थिती तीच आहे: जागा रिकामी, मालकीणबाई प्रेमळ, पण पाटी “फक्त फॅमिलीसाठी”. फरक दारापासून सुरू होतो. सिनेमातल्या लीलाबाई काळभोरांच्या बंगल्यात जोडपं आहोत म्हटलं की भागलं. आज फाटकावरचा वॉचमन आधी ओटीपी मागतो. पुढे अकरा महिन्यांचा करार, त्याची ऑनलाइन नोंदणी, आधार आणि अंगठा. पार्वतीने कितीही लाजून अंगठा टेकवला तरी यंत्रावर नाव परशुरामाचंच उमटणार. वर पोलिस पडताळणी. लिफ्टमध्ये कॅमेरा असल्यामुळे अर्ध्या वाटेत पदर सोडून घाम पुसण्याचीही सोय राहिलेली नाही. आणि समजा एवढ्यातून निभावलंच, तर सोसायटीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर दोघींना घेतलं जाईल आणि हळदीकुंकवाची वर्गणी भरावी लागेल. तेव्हा ही युक्ती बाद समजावी. दलालाला एक महिन्याचं भाडं देऊन गप्प बसावं.

काही किरकोळ कलमं. शोकसभेत वक्ता अमुक साली कोण वारले ते सांगू लागला की भक्तांनी एकमेकांकडे पाहू नये. शक्यतो वेगवेगळ्या रांगांत बसावं. लिंबू रंगाच्या साडीतल्या सहकारी महिलेची त्या सिनेमातल्या शब्दांत स्तुती करण्याआधी ती भक्त आहे ना, याची खात्री करावी. नाहीतर प्रकरण एचआरकडे जातं, आणि तिथल्या बाई भक्त असल्या तरी कामावर असतात. अशोकमामांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अनेकांनी सरकारचं अभिनंदन केलं. त्यात गैर काही नाही, पण सूर उशीर झालेल्या भाडेकरूकडून थकबाकी मिळाल्याचा असावा.

परदेशात वाढलेल्या भाच्याला सिनेमा दाखवायचा असेल तर आधी भाडेकरू आणि घरमालक हे नातं समजावून सांगावं. त्याशिवाय वीज तोडणं, पाणी तोडणं यातला जिव्हाळा त्याला कळणार नाही.

शेवटी माने आडनावाच्या नागरिकांसाठी. कुरिअरवाला, नवा शेजारी, चुकून आलेला फोन, या प्रत्येकाने धनंजय मानेंची चौकशी करणारा तोच एक प्रश्न विचारला तर चिडू नये. विचारणाऱ्याला वाटतं, हे आपल्यालाच सुचलं. त्याला हसून आत घ्यावं. मुलाचं नाव धनंजय ठेवायचं की नाही हा घरचा प्रश्न आहे. ठेवलंच, तर शाळेत पाठवण्याच्या आदल्या दिवशी त्याला सिनेमा दाखवावा, म्हणजे हजेरी घेता घेता बाई मध्येच का थांबल्या हे त्याला कळेल.