सव्वापाच रत्तीचा जाच

पाचू हा बुधाचा खडा. बुध बिघडला की हिशेब आणि वाणी दोन्ही बिघडतात म्हणे, म्हणून घरच्यांनी तो माझ्या करंगळीत बसवला. पाच रत्तीचा चालत नाही, सव्वापाचच लागतो. वरच्या पाव रत्तीचं काम काय, ते विचारायचं नसतं. खडा मात्र देखणा. पावसाळ्याच्या तोंडाशी आरमोरीकडे धानाचे पऱ्हे वर येतात ना, तस्सा हिरवा.

तक्रार खड्याबद्दल नाही, त्याच्या दोन पालकांबद्दल आहे. ज्योतिषीबुवा म्हणाले, अंगठी आंघोळीतही काढायची नाही, आणि घडण खालून उघडी हवी, खडा कातडीला टेकला पाहिजे. सराफ म्हणाले, आंघोळ, भांडी, शेत, स्वयंपाक आणि झोप एवढ्या वेळा काढून ठेवा, बाकी खुशाल घाला. बाकी काय उरतं, ते त्यांनी सांगितलं नाही. काढली की चौकात कुणीतरी विचारतंच, "काहून काढली भाऊ? बुध सुधरला का?"

खालून उघडी घडण ही वरणभाताच्या सोयीसाठी असावी. सांबारवडीचं तेल आणि हळद मागून शिरते आणि जेवणानंतर तासभर बुधाचा खडा गुरूकडे झुकलेला दिसतो.

पुसावा, तर चंद्रपूरची धूळ. कोळसा, औष्णिक केंद्राची राख, वाळू. मोस नावाच्या जर्मन गृहस्थाने 1812 साली खनिजांची कठीणता मोजायची फूटपट्टी केली. तीत वाळूतलं क्वार्ट्झ 7 वर आणि पाचू साडेसात ते आठवर. म्हणून तो कसाबसा तगतो. आमच्या शेजाऱ्यांचं पोवळं तीन-चारवर असूनही ते रोज सदऱ्याच्या टोकाने घासतात. मंगळ सौम्य झाला की नाही कळत नाही, पोवळं नक्की झालं.

पाचूच्या पोटात जन्मजात भेगा असतात आणि त्या झाकायला बहुधा तेल मुरवलेलं असतं. गरम पाण्याने किंवा सराफाच्या अल्ट्रासोनिक यंत्राने ते निघून जातं, म्हणून कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. मे महिन्यात आमच्या नळाला कोमट पाणी येत नाही, उकळायच्या बेतातलं येतं. मग माठातलं मिसळायचं. त्यावर घरातून ऐकू येतं, "माणसाले प्यायले पाणी नाही अन् गोट्याले माठातलं?" त्याच उन्हाने बोट सुजतं आणि अंगठी निघत नाही. त्या दिवसांत ज्योतिषीबुवांचं म्हणणं आपोआप पाळलं जातं.

अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त आमच्याच भागातल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली आहे. एवढा वारसा घेऊन आम्ही खड्यासाठी नागपूरची बस धरतो.

आता नवा पेच. ज्योतिषीबुवा म्हणतात, खड्याची शक्ती 3 वर्षांत संपते, नवा घ्या. सराफ म्हणतात, दरवर्षी नख्या आवळून घेतल्या तर नातवापर्यंत जाईल. म्हणजे नातवाला संपलेला बुध मिळणार, तोही घट्ट आवळलेला.