उष्णता आहे, दुसरं काही नाही

मराठी घरात बाईच्या कंबरेखाली काहीही बिघडलं तरी निदान एकच: उष्णता. लघवीला आग होतेय? उन्हाळी लागली. खाज सुटलीय? उष्णता. अंगावरून पांढरं जातंय? अगं, उष्णताच ती, परवा एवढं लोणचं खाल्लंस ना. मग सब्जा भिजतो, जिरं-खडीसाखर चघळली जाते, सकाळी अनशापोटी तांदळाचं धुवण प्यायलं जातं, गुलकंदाची बरणी फडताळातून खाली येते. हे सगळं पोटात जातं. खाज जिथे असते तिथेच असते.

सब्जाशी माझं भांडण नाही. फालुद्यात तो छानच लागतो. तक्रार एवढीच, की या एका दुखण्यावर सासूबाईंपासून सरकारपर्यंत जो तो उपाय सांगतो, आणि त्यांतल्या कुणीही बघितलेलं नसतं. घसा दुखला तर डॉक्टर 'आ करा' म्हणतात. डोळा लाल झाला तर पापणी ओढून बघतात. इथे मात्र टेबलापलीकडून 'पांढरं जातंय? बरं' एवढं ऐकलं की पेन चालायला लागतं.

तर दुखणं काय ते आधी सांगून टाकते. कँडिडा नावाची बुरशी, त्यातही बहुतेक वेळा अल्बिकन्स ही जात. ही काही बाहेरून चाल करून येत नाही. तोंडात, आतड्यात, योनीमार्गात ती धडधाकट बाईच्याही मुक्कामाला असतेच. शेजारी राहणारे लॅक्टोबॅसिलस जंतू तिला आवरून धरतात. ते कमी झाले, रक्तात साखर वाढली, गरोदरपण आलं, स्टेरॉइडं सुरू झाली, की ती फोफावते. चारांतल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी हे होतं, असा डॉक्टरांचा नेहमीचा अंदाज आहे. म्हणजे बारा जणींच्या भिशीत नऊ जणी. त्या नऊही जणी आपापल्या खुर्चीत मांडी बदलत बसतात आणि विषय काय, तर अमकीच्या सुनेचं मंगळसूत्र.

ओळखायचं कसं? खाज हे मुख्य लक्षण, आणि तीही साधीसुधी नाही, रात्री झोपेतून उठवणारी. आजूबाजूची कातडी लाल होते, सुजते, कधी चिरते. स्राव घट्ट, पांढरा, दह्याच्या गुठळ्यांसारखा. वास जवळपास नाही. वास हा इथे मोठा पुरावा आहे. पातळ, करडट स्राव आणि मासळीसारखा वास असेल तर ते बहुधा बुरशीचं काम नाही. तो जंतूंचा समतोल बिघडलेला असतो आणि त्याचं औषध वेगळं. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा संशय घ्यायचा. तो संबंधांतून येतो, म्हणून त्यात नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. आणि दर महिन्याला, पाळीच्या मधल्या दिवसांत, जे पारदर्शक चिकट पाणी जातं, ते काहीच नाही. ते शरीराचं रोजचं कामकाज आहे. त्यानं अंगातली ताकद जात नाही, हाडं झिजत नाहीत, चेहऱ्याचं तेज उतरत नाही. पण या 'काहीच नाही'वर आजवर जेवढी चूर्णं खपली, तेवढी खऱ्या आजारांवरही खपली नसतील.

आता लघवीची आग. बुरशीतही आग होते, पण ती सोललेल्या कातडीवर लघवी लागल्यामुळे, बाहेरच्या बाहेर. ही बाई सांगते 'लघवीला जळजळ', समोरचा ऐकतो 'युरिन इन्फेक्शन', आणि लिहितो पाच दिवसांचं अँटिबायोटिक. अँटिबायोटिक आवरून धरणारे लॅक्टोबॅसिलस मारतं, बुरशीला हातही लावत नाही. पाच दिवसांनी बाई परत येते, त्रास दुप्पट. मग आणखी भारी अँटिबायोटिक. लघवीची तपासणी? ती तिसऱ्या खेपेला सांगतात.

जी डॉक्टरकडे जात नाही ती मेडिकलमध्ये जाते. हा प्रसंग जरा जवळून बघण्यासारखा असतो. काउंटरवर दोन पुरुष उभे, म्हणून ती आधी बाळाच्या पावडरीचे डबे न्याहाळते. ते जातात. तेवढ्यात तिसरा येतो, त्याला ब्लडप्रेशरच्या गोळ्या हव्यात, दहा टक्के सूटही हवी. तोही जातो. मग ती आवाज खाली आणून म्हणते, "दादा, ते खाजेचं क्रीम द्या ना." दादा विचारतो, "गजकर्ण आहे का?" ती म्हणते, "हो, तसंच." संपलं. निदान झालं, दोघांनी मिळून केलं, आणि दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं. ट्यूब कागदात गुंडाळली जाते, कागद काळ्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये. एवढी गुप्तता राखून जे घरी येतं त्यात असतं काय? अनेकदा तीन औषधांची मिसळ: एक बुरशीविरोधी, एक अँटिबायोटिक आणि एक जोरकस स्टेरॉइड. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, आणि दादाची गल्लीत कीर्ती होते. पुढे कातडी पातळ होत जाते, तिथली प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी निवांत पसरते. त्वचेवर लावायची बरीच स्टेरॉइडं २०१८ साली सरकारने शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. चिठ्ठी मागणारा मेडिकलवाला तुम्हाला भेटला असेल तर त्याचा सत्कार करा, हार माझ्याकडून.

'पण मला माझं कळतं की,' असं म्हणणाऱ्या शिकलेल्या मैत्रिणींसाठी: २००२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बुरशीच झालीय असं स्वतःच ठरवून दुकानातून औषध घेणाऱ्या ९५ बायकांची तपासणी केली, तर निव्वळ बुरशी जेमतेम तिघींतल्या एकीला निघाली. बाकीच्यांत कुणाला दुसराच संसर्ग, कुणाला दोन-दोन, आणि काहींना चक्क काहीच नाही. हे, ज्या देशात औषधाच्या खोक्यावर सगळं ठळक छापलेलं असतं तिथलं.

आपल्याकडचं बघायचं तर गडचिरोलीला जावं लागतं. राणी बंग आणि अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची रीतसर तपासणी केली आणि १९८९ साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. तोंडाने तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के. प्रत्यक्ष तपासल्यावर काही ना काही स्त्रीरोग निघालं ९२ टक्के बायकांना, सरासरी एकीला साडेतीनच्या वर. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या किती, तर ८ टक्के. ९२ आणि ८ यांची बेरीज १०० व्हावी हा निव्वळ योगायोग आहे, पण योगायोगालाही कधीकधी विनोदबुद्धी असते. हा आकडा काही आकाशातून पडला नव्हता. तो तिथेच होता, फक्त कुणी बघितलं नव्हतं.

सरकारने यावर तोडगा काढला तो हिरव्या रंगाचा. सरकारी दवाखान्यांत लैंगिक आणि प्रजननमार्गाच्या संसर्गांसाठी रंगीत किट असतात. स्राव जात असेल तर हिरवा. त्यात जंतू-परजीवींसाठी सेक्निडॅझोल आणि बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल, दोन्ही एकदम. कुठलं का असेना, दोहोंपैकी एक लागेलच. खवचटपणा बाजूला ठेवून सांगते, की जिथे मायक्रोस्कोप नाही आणि बाई पुन्हा येईल याची खात्री नाही, तिथे ही युक्ती वाईट नाही, शिवाय फुकट आहे. माझा आक्षेप शहरातल्या, एसी लावलेल्या, भिंतीवर पाच पदव्या टांगलेल्या दवाखान्यांना आहे. तिथेही खाजगीतला हिरवा किटच चालतो, फक्त बिलासकट.

बघायला लागतं तरी किती? स्रावाचा एक थेंब काचपट्टीवर, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब. पेशी विरघळतात, बुरशीचे धागे उरतात, मायक्रोस्कोपखाली दिसतात. आम्लता मोजायला कागदाची एक पट्टी: बुरशीत आकडा सहसा साडेचारच्या आतच राहतो, दुसऱ्या दोन्ही संसर्गांत तो वर जातो. काचपट्टीवर काही दिसलं नाही पण त्रास आहे, किंवा पुन्हा पुन्हा होतंय, तर कल्चर. चहा गार व्हायच्या आत पहिली दोन कामं होतात.

त्याऐवजी प्रश्न येतो, "लग्न झालंय का?" हा प्रश्न बुरशीने अजून कुणालाही विचारलेला नाही. कँडिडाला संबंधांतून पसरणाऱ्या आजारांत धरत नाहीत, तो कॉलेजातल्या मुलीलाही होतो आणि तिने काहीही 'केलेलं' नसतं. पण प्रश्न ऐकून मुलीची आई मुलीकडे बघते, मुलगी भिंतीवरच्या गुबगुबीत बाळाच्या कॅलेंडरकडे बघते, आणि जे बघायचं ते राहून जातं.

जाहिरातवाल्यांनाही विसरून चालणार नाही. 'नाजूक जागेसाठी' गुलाबी बाटली, सोबत दिवसभराच्या ताजेपणाची हमी. योनीमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः करतो. या देशात फुकट आणि वेळेवर चालणारी बहुधा ही शेवटची सफाई यंत्रणा, तर तिच्यावरही आता कंत्राटदार नेमायचा आहे. बाहेरून साधं पाणी पुरतं. आत काहीही मारू नये, ना सुगंधी द्रव, ना डेटॉल, ना तुरटीचं पाणी. दहीही नको. स्राव दह्यासारखा दिसतो म्हणून दहीच लावायचं, हा उपाय कुणी काढला त्याला तर्कशास्त्राचं पारितोषिक द्यायला हवं. दह्यातले लॅक्टोबॅसिलस वेगळ्या घराण्याचे, तिथले वेगळे. सुती चड्डी वापरा, ओली घालू नका, हे ठीक. पण जी चड्डी दोरीवर परकराखाली लपवून वाळवायची असते ती वाळणार कधी?

औषध मात्र साधं आहे, हीच या सगळ्यातली गंमत. क्लोट्रिमॅझोलची गोळी योनीमार्गात ठेवायची: १०० मिलिग्रॅमची असेल तर सहा रात्री, ५०० ची असेल तर एकदाच. किंवा फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी तोंडाने, आणि बहुतेकींना दोन-तीन दिवसांत उतार. चिठ्ठीवर 'रात्री झोपताना एक' एवढंच लिहिणाऱ्यांनी 'कुठून' तेही लिहावं. ठेवायची गोळी पाण्याबरोबर गिळणाऱ्या बायका असतात, आणि त्यांचा काय दोष? गरोदरपणी तोंडाची गोळी घ्यायची नाही, ठेवायचीच, आणि आठवडाभर. रक्त पातळ करणारी गोळी किंवा हृदयाचं औषध चालू असेल तर फ्लुकोनॅझोलआधी विचारायचं. ताप, ओटीपोटात दुखणं, रक्त, फोड असं काही असेल तर ही बुरशीची गोष्टच नाही, सरळ डॉक्टर गाठायचा.

आधुनिक बुरशीविरोधी औषधांच्या सुरुवातीलाही दोन बायकाच होत्या. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन मायक्रोस्कोपवर, तर दूरच्या आल्बनीत रेचल ब्राउन रसायनांवर. मातीतून वाढवलेले जंतू आणि त्यांतून काढलेले अर्क बरण्यांत भरून दोघी एकमेकींना पोस्टाने धाडायच्या. १९५० साली त्यातून निस्टॅटिन जाहीर झालं, राज्याच्या नावावरून नाव. रॉयल्टीचे लाखो डॉलर दोघींनी संशोधनाला देऊन टाकले. पुढे १९६६ च्या पुरात फ्लॉरेन्समधल्या चित्रांवर बुरशी चढली तेव्हा तिथेही हेच औषध फवारलं. मातीतले जंतू पोस्टाने फिरले, चित्रांवर चारचौघांत औषध मारलं. काळी पिशवी लागते ती फक्त आमच्या गल्लीतल्या मेडिकलपासून घरापर्यंत.

वर्षात तीनदा किंवा जास्त झालं तर मात्र एका गोळीवर भागत नाही. मग आठवड्याला एक अशी सहा महिन्यांची शिस्त, तीही तपासून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि रक्तातली साखर बघायची. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच हे सुरू झालं तर नक्कीच बघायची, कारण पाळी गेल्यावर ही बुरशी सहसा शांत होते. ती उगाच जागी होत नाही.

साखरेवरून एक राहिलं. मधुमेहाच्या नव्या गोळ्यांपैकी ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, त्या जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात. चांगल्या गोळ्या आहेत, हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही जपतात. पण साखर ज्या वाटेने जाते तिथे बुरशीची पंगत बसते. हा त्यांचा ठाऊक असलेला, कागदावर छापलेला दुष्परिणाम. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, पण खाज सुटली तर गोळी लिहिणाऱ्याला सांगायचं. बायका सांगत नाहीत, कारण मधुमेहाच्या डॉक्टरांना 'तिथलं' कसं सांगायचं? त्या घरी येऊन सब्जा भिजवतात.

हीच गोळी नवऱ्यालाही चालू असते आणि हीच खाज त्यालाही सुटू शकते. तो दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघतो, स्किनच्या डॉक्टरकडे नंबर लावतो, पँट उतरवून दाखवतो, आणि क्रीम घेऊन आठच्या आत घरी जेवायला हजर असतो.