शेठ सेमिनारला जाऊन आले

भोसरीच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी मशीनं चालू आणि गुरुवारी शटर खाली, हे बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतं. पण 'लीडर बना', 'माणसं कशी सांभाळाल', 'धंदा दुप्पट करा' असल्या नावांचे सेमिनार भरवणाऱ्यांना ते बरोबर माहीत असतं, आणि म्हणून शुक्रवार हा आमच्याकडे धोक्याचा वार. शुक्रवारी सकाळी गाडीतून उतरताना शेठ वॉचमनला 'गुड मॉर्निंग' म्हणाले की वॉचमन आत इंटरकॉमवर कळवतो, "जाऊन आलेत."

हे शेठ कोणी एक नव्हेत. मी अशा बऱ्याच जणांचे हिशेब लिहितो, आणि भोसरीत जे शेठ आहेत तेच सातपूरला, वाळूजला आणि शिरोलीलाही आहेत. वय पन्नाशीच्या आगेमागे, शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल. सुरुवातीची काही वर्षं स्वतः लेथवर उभे राहिलेले. डाव्या हाताच्या एका बोटावर त्याची खूण आहे. आता तीस-चाळीस माणसं, चार सीएनसी, दोन व्हीएमसी, बँकेचं कॅश क्रेडिट आणि गिऱ्हाईक एकच, पण मोठं. मशीनचा नुसता आवाज ऐकून कोणतं बेअरिंग जातंय ते सांगणारा हा माणूस. समोरच्या माणसाचं काय बिघडलंय, हे मात्र त्याला फी भरून, एसी हॉलमध्ये बसून ऐकावं लागतं.

ऐकून आल्यावर पहिला फरक भाषेत पडतो. परवापर्यंत जो 'ए पोऱ्या' होता तो 'असोसिएट' होतो. एकदा हेल्पर हा शब्दच बंद झाला, तेव्हा आमच्या बिहारी पोरांनी माझ्याकडे येऊन नव्या पदाचा पगार किती, अशी चौकशी केली. पगार तोच आहे म्हटल्यावर ती समजूतदार पोरं परत हेल्पर झाली.

दुसरा फरक भिंतींवर पडतो. डेमिंग नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं 1950 साली जपानात जाऊन तिथल्या कारखानदारांना गुणवत्तेचे धडे दिले, आणि जपान्यांनी पुढच्याच वर्षी त्याच्या नावानं पारितोषिक सुरू केलं. त्याची पुढे प्रसिद्ध झालेली चौदा सूत्रं शेठनी फ्लेक्सवर छापून मशीनशॉपच्या भिंतीवर, गणपतीच्या फोटोशेजारी लावली. आठवं सूत्र माणसांच्या मनातली भीती घालवा, असं आहे. दहावं आहे, कामगारांसाठी घोषणा आणि उपदेश लावणं बंद करा. फ्लेक्सच्या खाली शेठनी स्वतःचं पंधरावं जोडलं होतं: 'या बोर्डाला तेलकट हात लावल्यास दंड होईल.'

तिसरा फरक खर्चात. वक्त्यांना अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्याची गोष्ट फार आवडते. तिथे 1924 पासून उजेडाचे प्रयोग झाले. दिवे वाढवले तर काम वाढलं आणि कमी केले तरीही वाढलं. म्हणजे आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतंय असं वाटलं की माणूस जास्त काम करतो, असा त्याचा अर्थ सांगतात. (अभ्यासकांनी पुढे त्या आकड्यांवर बऱ्याच शंका काढल्या, पण जेवणानंतरच्या सत्रात ते कोण सांगणार!) शेठच्या कानात मधलं वाक्य तेवढं राहिलं. शुक्रवारी त्यांनी इन्स्पेक्शन टेबलावरच्या निम्म्या ट्यूब काढायला लावल्या. त्या महिन्यात विजेचं बिल थोडं उतरलं आणि परत आलेल्या मालाची डेबिट नोट बरीच चढली. दोन्ही नोंदी मीच केल्या, पण वेगवेगळ्या खात्यांत. त्यामुळे शेठच्या लेखी प्रयोग यशस्वी झाला.

'फाइव्ह एस' तर प्रत्येकाच्या कुंडलीत असतं. पाच जपानी शब्द, त्यातला पहिला सांगतो की नको ते काढून टाका. शेठनी स्वतः लाल चिठ्ठ्या लावल्या, जमिनीवर पिवळे पट्टे मारून घेतले आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेलं एक बोजड फिक्श्चर भंगारात काढलं. ते कशाचं आहे, असं आमच्या जुन्या सेटरमामांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. तीन महिन्यांनी त्याच जॉबची ऑर्डर आली आणि फिक्श्चर भंगारवाल्याकडून परत आणावं लागलं. दिलं होतं किलोच्या भावानं, आणलं नगाच्या भावानं. भंगारवाला कुठल्याच सेमिनारला गेलेला नव्हता.

मुंबईच्या डबेवाल्यांशिवाय एकही सेमिनार पुरा होत नाही. 1890 पासूनची परंपरा, रंगीत खुणा, ना कॉम्प्युटर ना कागद, आणि 2003 साली इंग्लंडचे युवराज चर्चगेटला येऊन भेटून गेले, हे सगळं स्लाइडवर असतं. डबेवाल्यांच्या गटात कमाई सगळ्यांना सारखी वाटली जाते आणि तिथला कोणीही कुणाचा नोकर नसतो, ही स्लाइड मी अजून पाहिलेली नाही. टोयोटाचीही गोष्ट असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या ओसाड माळावर कारखाना आणि कामगारांसकट गाव वसवलं, त्याचं नाव मात्र क्वचित निघतं. किर्लोस्करवाडीला भोसरीहून सकाळी निघून रात्री परत येता येतं, हेच बहुधा तिच्या आड येत असावं.

मग 'आपण सगळे एक कुटुंब आहोत'. हे कुटुंब साधारण अकरा महिने टिकतं. दिवाळी जवळ आली की शेठ मला केबिनमध्ये बोलावतात, दार लावून घेतात आणि कुटुंबीयांना कायद्याप्रमाणे कमीत कमी किती बोनस द्यावा लागतो ते पुन्हा एकदा विचारतात. मी 8.33 टक्के सांगतो. जास्तीत जास्त 20 आहे, हेही सांगतो. तोवर त्यांना फोन आलेला असतो.

सूचनापेटीचंही सांगायला हवं. चांगली कुलपाची, काचेची. पहिल्या आठवड्यात तिच्यातून निघालं ते असं: गुटख्याच्या दोन पुड्या, संडासाच्या नळाची तक्रार, एका मशीनजवळच्या पंख्याची तक्रार, आणि तीन वेगवेगळ्या अक्षरांत एकच वाक्य, की पगार सात तारखेला व्हावा. ही मागणी क्रांतिकारक नाही. सात तारखेच्या आत पगार द्यायचा, हे कायद्यातच आहे. शेठनी नळ त्याच दिवशी दुरुस्त केला, पंखाही आणला, आणि उरलेल्या तीन चिठ्ठ्या बराच वेळ हातात धरून बसले. मग म्हणाले, "हे लोक निगेटिव्ह विचार का करतात?"

इथे त्यांची बाजूही मांडली पाहिजे, कारण त्यांची वही माझ्याकडे आहे. शेठ पैसे दाबून ठेवत नाहीत. पैसे आलेलेच नसतात. लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं, असं 2006 चा कायदा म्हणतो. मोठं गिऱ्हाईक नव्वद दिवस घेतं, आणि कायद्याचं नाव काढणाऱ्याला पुढची ऑर्डर देत नाही. वर्षातून एकदा तेच गिऱ्हाईक सगळ्या सप्लायरांना पंचतारांकित हॉटेलात बोलावतं, 'तुम्ही आमचे पार्टनर आहात' म्हणतं, शाल देतं, आणि जेवणाआधी दर कमी करून मागतं. शेठ तिथे मागच्या रांगेत बसतात. त्यांनाही काही सांगायचं असतं. तिथेही एक सूचनापेटी असते. तिच्यात कुणाच्या पुड्या निघतात ते मला माहीत नाही, पण शेठची चिठ्ठी कधी निघालेली नाही, कारण ती टाकण्याची त्यांची छाती झालेली नाही. तिथून परतलेले शेठ पुढच्या गुरुवारी नवा सेमिनार शोधतात. नाहीतरी दुसरीकडे कुठे जाणार?

अशाच एका गुरुवारी ते 'पाच वेळा का' शिकून आले. हे टोयोटाच्या तैइची ओनो यांचं हत्यार, आणि खरोखर चांगलं हत्यार आहे. ओनोंचं उदाहरण बंद पडलेल्या मशीनचं आहे: फ्यूज उडाला, का? तर लोड वाढला. असं विचारत विचारत ते तेलाच्या पंपाला गाळणीच नव्हती, इथपर्यंत पोचतात. फ्यूज बदलून मोकळे झाले असते तर तो आठवड्यात परत उडाला असता. शेठना हे मनापासून पटलं. त्यांच्यातला लेथवाला जागा झाला. शुक्रवारी ते केबिनमध्ये न शिरता थेट तीन नंबरच्या मशीनवर गेले. तिथे आठवडाभर बोअरचं रिजेक्शन येत होतं. सेटरमामा लातूरकडचे, कारखाना सुरू झाल्यापासूनचे. मीही वही घेऊन मागे उभा राहिलो, कारण शेठनी 'मिनिट्स' लिहायला सांगितलं होतं.

"मामा, बोअर आवळ का येतंय?"

"टीप लवकर झिजायलीय, शेठ."

"टीप लवकर का झिजते?"

"कूलंटात दम नाही. नुसतं पाणी हाय ते."

शेठनी रिफ्रॅक्टोमीटर मागवला. तो धुऊन-पुसून आणायला जरा वेळ लागला, कारण त्याच्यावरही लाल चिठ्ठी लागली होती. सात टक्के पाहिजे तिथे तीन आले. आजूबाजूची चार माणसं हातातलं काम सोडून जवळ आली. शेठच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. इतक्या वर्षांत त्यांना एवढं खुश मी बँकेतसुद्धा पाहिलेलं नाही.

"तीन का?"

"तेल निम्मंच मिळतंय. स्टोअर देत नाही."

स्टोअरकीपर समोरच होता. त्याला विचारलं, "निम्मं का देता?"

स्टोअरकीपर आधी मामांकडे बघायला लागला, मग माझ्याकडे. कागद माझ्याच फायलीत होता. दिवाळीनंतरच्या 'खर्चाला कात्री' या सेमिनारनंतर निघालेलं पत्रक: कूलंट ऑइलचा एक बॅरल यापुढे एक महिन्याऐवजी दोन महिने पुरवावा. खाली शेठची सही, सहीखाली तारीख, शुक्रवारची.

हा चौथा 'का' होता. पाचवा कुणीच विचारला नाही. शेठनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "आपल्यासारख्या छोट्या युनिटला चार पुरेत," असं म्हणाले. पण बॅरल दुपारीच आला, एक नाही, दोन आले. संध्याकाळी बोअर गेजला बसत होतं. मिनिट्समध्ये मी 'कारण सापडले, उपाय केला' असं लिहिलं. सापडले कुठे, ते लिहिलं नाही. हिशेबनिसाला कुठे थांबायचं ते कळावं लागतं.

रिजेक्शन उतरल्याचा आकडा गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर हिरवा झाला, आणि मग व्हायचं तेच झालं. कारखानदारांच्या एका मेळाव्यात शेठना वक्ता म्हणून बोलावणं आलं. विषय: 'कामगाराचं ऐका, नफा वाढवा'. शेठनी स्लाइड केल्या, त्यात डबेवालेही घातले. जिवंत उदाहरण म्हणून सेटरमामांना इस्त्रीचा शर्ट घालून सोबत घेतलं. मी मागच्या सीटवर, प्रोजेक्टरची वायर सांभाळत.

भाषण चांगलं झालं, खोटं का बोला. शेठ मशीनवर कसे गेले, मामांना आदरानं कसं विचारलं, कूलंट कसं तपासलं, सगळं रंगवून सांगितलं. पत्रकाची स्लाइड नव्हती. शेवटी त्यांनी मामांना उभं केलं आणि सांगितलं की या माणसानं माझे महिन्याला अमुक इतके रुपये वाचवले. आकडा ऐकून हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मामा नमस्कार करून बसले.

जेवणाच्या रांगेत शेठभोवती दोघे-तिघे होते, मामांभोवती सात-आठ. चाकणचे एक कारखानदार तर स्वतःच्या हातानं मामांच्या ताटात गुलाबजाम वाढत होते. शेठ लांबून बघत होते. कोशिंबीर घ्यायची राहिली.

परतीच्या वाटेवर नाशिक फाट्यापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. सिग्नलला शेठ आरशातून मागे बघत म्हणाले,

"काय म्हणत होते ते चाकणवाले?"

"काही नाही, पगार किती म्हणून विचारायले."

"मग?"

"खरं तेच सांगितलं."

"काय म्हणाले?"

मामांनी खिशातली कार्डं काढून सरळ केली आणि परत ठेवली.

"का, म्हणाले."