नावेत बसलंय कोण?

नांदेडात भाग्यनगरच्या बाजूला पहाटे निघालं, तर रस्त्यावर दूधवाल्यांपेक्षा नीटची लेकरं जास्त. त्यांच्यापुढे वर्षानुवर्षं मेंदू शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरला एकाच प्रश्नाची सवय झालेली असते : ‘सर, हे एनसीईआरटीत आहे का?’ नाही म्हटलं की पेनं खाली. 180 प्रश्न, त्यातले 90 जीवशास्त्राचे, वेळ तीन तास. लेकरांचं तरी काय चुकलं?

म्हणून मुंडगोडला मेंदू शिकवायला जाणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. थोडी कीवही येते. हुबळीजवळच्या या गावात द्रेपुंग आणि गांदेन हे तिबेटी मठ आहेत, सेरा मठ म्हैसूरच्या बाजूला. दलाई लामांच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाने 2006 साली भिक्षूंना विज्ञान शिकवण्याचं काम हाती घेतलं आणि 2014 पासून उन्हाळी वर्ग थेट या मठांत भरू लागले. भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, चेताविज्ञान. सहाशे वर्षांत मठांच्या अभ्यासक्रमात एवढा बदल झाला नव्हता म्हणे. (आमचा अधूनमधून बदलतो; राहिलेला पोर्शन मात्र तेवढाच राहतो.)

पण समोरचे विद्यार्थी कसले, तर वीसेक वर्षं तर्कशास्त्र घोटून ‘गेशे’ ही मठातली पदवी मिळवणारे. त्यांच्या वादात एक जण खाली बसतो. दुसरा उभा राहून पाय आपटतो, खाडकन टाळी वाजवतो आणि प्रश्न टाकतो. जाणिवेचा क्षण आधीच्या जाणिवेतूनच उपजतो, हे सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीचं म्हणणं त्यांच्या जिभेवर. त्यांना तुम्ही सांगणार, मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आहेत आणि सगळा कारभार त्यांचाच! डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा मोजून थांबलात, तर ते सहावं इंद्रिय मागणार. त्यांच्या यादीत मनही आहे.

सायनॅप्स शिकवताना मी आपला नावघाट सांगतो. दोन पेशींमध्ये वीसेक नॅनोमीटरची फट, म्हणजे गोदावरीचं पात्र. पूल नाही. अलीकडच्या काठावर संदेश आला की एसिटिलकोलीनच्या नावा सुटतात आणि पलीकडच्या घाटाला लागतात. आमची लेकरं ‘एसिटिलकोलीन’खाली रेघ ओढून मोकळी होतात. मुंडगोडला हे सांगितलं तर टाळी वाजलीच समजा : ‘नावेत बसलंय कोण?’

मास्तर म्हणणार, कोणी नाही, नुसतं रसायन आहे. भिक्षू खूश. बुद्धाने आत्मा अडीच हजार वर्षांपूर्वीच नाकारलेला. ‘कोणी नाही’ हे ऐकायला त्यांना अमेरिकेहून पाहुणा कशाला हवा? मास्तरला वाटावं, सुटलो. तोवर दुसरी टाळी : ‘कोणी बसलंच नव्हतं, तर पलीकडे उतरल्यावर दुखतं कुणाला?’

या प्रश्नाचे चार पर्याय करता आले, तर येत्या रविवारच्या टेस्टला घालीन म्हणतो.