नवशिक्या पर्यवेक्षकांसाठी : सवलतीचा विद्यार्थी कसा हाताळावा?

दहावीच्या परीक्षेला पहिल्यांदाच पर्यवेक्षक म्हणून नेमणूक झाली? अभिनंदन! बारकोड कुठे चिकटवायचा, पुरवणी कशी बांधायची, हे केंद्रसंचालक समजावतीलच. पण तुमच्या वर्गात डिस्लेक्सियाचा विद्यार्थी आला तर काय करायचे, हे कुणी सांगत नाही. पुढील पायऱ्या तोंडपाठ करा.

१. आधी संशय घ्या. मुलगा धडधाकट आहे, घडाघडा बोलतोय. 'याला काय झालंय?' असे सगळ्या वर्गाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, हे खरे. पण कायदा दिल्लीत झाला, वर्ग तुमचा आहे.

२. प्रमाणपत्र निरखून पाहा. त्यासाठी खिशातला चष्मा काढून नाकावर चढवा, कारण त्याशिवाय तुम्हाला अक्षर लागत नाही. त्या एका कागदासाठी मुलाने सरकारी रुग्णालयात खेटे घातलेले असतात. कान, डोळे, बुद्ध्यांक, वाचन, लेखन, गणित, सगळे तपासून झालेले असते. नियमाप्रमाणे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी आहेच. तरीही कागद उजेडात धरून शिक्का खरा आहे ना, ते पाहा. तोवर बाकीच्यांचा पहिला प्रश्न सोडवून होतो.

३. लेखनिकावर वचक ठेवा. नववीतली एखादी मुलगी असते, आधीच घाबरलेली. मुलगा उत्तर सांगणार, ती लिहिणार, अशी योजना आहे. त्याने 'प्रकाश संश्लेषण म्हणजे' एवढे म्हटले, की टेबलावर डस्टर आपटा आणि गरजा, 'बोलायचं नाही!' तिने 'परत सांग' म्हटले, तर कॉपीचा संशय घ्या. सवलत कागदोपत्री शाबूत राहते आणि वर्गात शांतता.

४. जादा वेळ ही खरी कसोटी. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण तासभर. दोन वाजता बाकीची मुले गेली, की पंखा बंद करा. किल्ल्यांचा जुडगा वाजवा. शिपायाला दारात उभे करून 'गठ्ठा कधी देताय?' असे विचारायला लावा. 'सावकाश लिही हं बाळा, आम्हाला कुठे घर आहे?' हे वाक्य दर दहा मिनिटांनी म्हणा. मुलगा आपणहून अर्ध्या तासात पेपर देईल. त्याने स्वखुशीने दिला, अशी नोंद करा.

याचा परिणाम पक्का असतो. 'नीट'मध्ये लेखन अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा जादा तास मिळाला नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चूक परीक्षा घेणाऱ्यांचीच ठरवली, पण फेरपरीक्षा काही मिळाली नाही. गेलेला तास सर्वोच्च न्यायालयालाही परत देता आला नाही. तुमच्या हातात केवढी सत्ता आहे पाहा!

५. शिक्षकखोलीत मतप्रदर्शन करा. 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं, छडी होती', इथून सुरुवात करून 'हल्ली हे फॅडच झालंय' इथवर या. महाराष्ट्रात या सवलती १९९६ पासून आहेत आणि तेव्हाची मुले आता चाळिशी ओलांडून गेली, असे कुणी मध्येच म्हणाले तर चहा मागवा. २००७ मध्ये 'तारे जमीं पर' पाहताना तुम्ही रडला होता, हेही आवर्जून सांगा. पडद्यावरच्या मुलाला जादा वेळ द्यायला आपली काहीच हरकत नसते.

६. वरीलपैकी काहीच जमत नसेल, तर एक सोपा पर्यायही आहे. प्रमाणपत्र आदल्या दिवशीच पाहून ठेवायचे, लेखनिकाला आणि मुलाला वेगळ्या खोलीत मोकळेपणी बोलू द्यायचे आणि तीन वाजेपर्यंत पंखा चालू ठेवून गप्प बसायचे. याला विशेष प्रशिक्षण लागत नाही, खर्च नाही, वरिष्ठांची परवानगीही नको. इतके सोपे असल्यामुळेच बहुधा ते शेवटच्या क्रमांकावर येते.